चिपाडांचा गणपती

महालक्ष्म्या यायच्या होत्या त्या दिवशी सकाळी धारहून माझ्या मुलीने एक छायाचित्र पाठवले. सोबत एक अक्षरही लिहिलेले नव्हते. मी चष्मा पुसून ते पाहिले, मोठे करून पाहिले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या गणपतीच्या उजव्या कानामागून आणखी एक कान उगवला होता. पांढुरका, किंचित राखाडी, कडेला मुरड पडलेला. मूळच्या कानापेक्षा तो अधिक जिवंत दिसत होता, कारण तो जिवंतच होता. ती धिंगरी होती. अळिंबीची ही जात मीच त्या मूर्तीच्या पोटात पेरली होती आणि ती मेली, अशी माझी समजूत होती.

मूर्ती मुलीच्या सासरी होती, पूजेत बसलेली. लग्नानंतरचा तिचा हा पहिला गणपती.

हे सारे कसे घडले ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊनही मी आयुष्यभर देवासच्या एका कन्याशाळेत हिंदीतून जीवशास्त्र शिकवले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होते आणि त्याची किल्ली बहुधा हरवलेली असे. निवृत्तीनंतर, ज्या वयात माझ्या मैत्रिणी गुडघ्यांविषयी बोलू लागल्या, त्या वयात मी अळिंबी लागवडीच्या एका सरकारी प्रशिक्षणाला नाव घातले. तेथे धार जिल्ह्यातल्या गंधवानीकडच्या आदिवासी बायका होत्या. जंगलातली अळिंबीची कोणती छत्री खावी आणि कोणती खाऊ नये हे लहानपणापासून ऐकत आलेल्या त्या बायका मोठ्याने हसत, मोठ्याने विचारत. मी मागच्या बाकावर बसून लिहीत असे. त्यांतली एक मला म्हणाली, “दीदी, तुम लिखती रहना, हम खा लेंगे.” मलाही हसू आले, आणि मी पुन्हा वहीत मान घातली.

उसाची चिपाडे मला देवासच्या टेकडीखालच्या रसाच्या चरखीवर मिळत. उन्हाळाभर तेथे चिपाडांचा ढीग साचतो, माश्या घोंगावतात आणि शेवटी कोणीतरी तो पेटवून देतो. मी पिशवी घेऊन उभी राहिले तेव्हा चरखीवाल्याने विचारले, “मैडम, गाय कब ली?” खरे कारण सांगण्याचा मला संकोच वाटला. घेणार आहे, असे मी म्हणाले. त्यानंतर तो नेमाने गाईची चौकशी करू लागला आणि मी नेमाने तिची खुशाली सांगू लागले.

कृती तशी सोपी आहे. चिपाडे बारीक तोडायची, भिजवायची, मोठ्या पातेल्यात वाफवायची आणि गार झाली की त्यांत बी मिसळायचे. बी म्हणजे उकडलेल्या ज्वारीचे दाणे, ज्यांवर बुरशीच्या पांढऱ्या तंतूंची साय चढलेली असते. हे मिश्रण पिशवीत भरून ओलाव्यात टांगले की कालांतराने पिशवीच्या भोकांतून धिंगरीचे पंखे बाहेर येतात. परंतु मला त्याहून दुसऱ्याच गोष्टीने भारले होते. तेच मिश्रण साच्यात दाबून झाकून ठेवले, तर तंतू चिपाडांतला काष्ठभाग खातात आणि खाता खाता एकमेकांत गुंतत जातात. काही दिवसांनी साचा उघडावा, तर चोथ्याची वीट झालेली असते. थर्माकोलइतकी हलकी, हातात धरली तर मऊ लोकरीसारखी. ज्याला आपण कचरा म्हणून पेटवतो त्याला एका मुक्या जीवाने धरून ठेवलेले असते. पहिली वीट साच्यातून निघाली तेव्हा मी ती ओच्यात घेऊन बराच वेळ बसून होते.

शेवटची पायरी मात्र चुकवून चालत नाही. तयार वस्तू भट्टीत चांगली तापवून बुरशीला मारावे लागते. वरवर वाळवले, तर ती नुसती निजते. ओल मिळाली की उठते.

आमच्या सासरचे घराणे मूर्तिकारांचे. मराठ्यांच्या दरबाराबरोबर जी कारागीर कुटुंबे माळव्यात आली त्यांतले. माझ्या यजमानांनी कारखान्यात नोकरी धरली, पण धाकटे दीर अजून शाडूच्या मूर्ती करतात. त्यांच्या मूर्ती बाहेरगावी पाठवण्यासाठी मी चिपाडांचे खोके करून दिले. त्या वर्षी एकाही मूर्तीचा हात मोडला नाही. दीर खूश होऊन म्हणाले, “वहिनी, पेटी करताच आहात, तर आतला देवही करून टाका. आम्ही आपले हरी हरी करत बसू.”

ती थट्टा होती, पण मी ती मनावर घेतली. त्यांच्याकडचा दीड वीत उंचीचा जुना साचा मागून घेतला. पुढच्या आषाढात मिश्रण भरले. साचा उघडला तेव्हा सोंड, सुपासारखे कान, मोदकाचा हात, सारे शुभ्र आणि नेटके उतरले होते. दिरांनी मूर्ती हातात घेऊन फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारले, रंग धरेल का. त्यांच्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कौतुक होते.

आता भट्टी हवी होती. माझी घरची भट्टी केकपुरती, मूर्ती तिच्यात मावेना. पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला म्हणाला होता की बिस्किटे निघाल्यावर भट्टी निवत असते तेव्हा मूर्ती आत ठेवू. ते अगदी योग्य तापमान झाले असते. परंतु घरात ही गोष्ट निघाली आणि यजमान, दीर, जाऊ कोणालाच ती रुचली नाही. मग जाऊबाई हळूच म्हणाल्या की त्या भट्टीत अंड्याची बिस्किटे भाजतात, तेथे गणपती कसा ठेवायचा. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तो देव नसतो, नुसते चिपाड असते, हे मला ठाऊक होते. वाद घालायला शास्त्राचाही आधार होता आणि धर्माचाही. मी म्हणाले, बरं, उन्हात वाळवू.

श्रावणात देवासला ऊन कसे पडते ते येथल्या माणसाला सांगायला नको. ढग बाजूला झाले की मूर्ती गच्चीवर, सर आली की आत, आणि आत पंख्यापुढे. मी पाठीवर इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली. वरून मूर्ती खडखडीत लागली. दिरांनी शाडूचा पातळ लेप दिला, मातीचे रंग दिले आणि डोळे लिहिले. धारहून विहीणबाईंचा निरोप आला होता की यंदाचा गणपती सुनेच्या माहेरचा येऊ द्या. तोच पाठवायचे ठरले.

विहीणबाईंचे घराणे दरबारातल्या कारभाऱ्यांचे. आता व्याही एका देवस्थानाचा कारभार पाहतात. मुलांनी एकमेकांना पसंत केले आणि दोन्ही घरांनी ते मानले, पण मानणे आणि रुजू देणे या निराळ्या गोष्टी आहेत. विहीणबाई माझ्याशी बोलताना मुलीला ‘तुमची मुलगी’ म्हणत. तुमची मुलगी चहा जरा गोड करते. तुमची मुलगी उशिरा उठत नाही हो, तेवढे खरे. मुलगी फोनवर विचारले की ‘बरं आहे’ म्हणायची आणि लगेच दुसरे काही विचारायची. तिला दिवस गेले होते, तिसरा महिना होता, ते घरापुरतेच ठेवले होते. त्या मूर्तीबरोबर मी काय पाठवत होते हे मला कळत होते: माझ्या मुलीला तुमच्या देवघरात जागा द्या, एवढी विनंती.

आणि आता त्या देवघरात बुरशी फुटली होती.

यजमान बाहेरगावी होते. मी फोन केला नाही, कारण फोनवर काय बोलायचे ते सुचेना. इंदूरची बस धरली, तेथून धारची. वाटेत मी मनाशी वाक्ये जुळवत होते. क्षमा मागायची वाक्ये. बुरशी उगवलेली मूर्ती म्हणजे भंगलेलीच नव्हे का, तिचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटेल, हे समजायला फार हुशारी लागत नव्हती.

घराशी पोहोचले आणि पाय थबकले. दारात चपला-जोड्यांचा खच पडला होता. दारात इतकी पादत्राणे मी आजवर माणूस गेलेल्या घरीच पाहिली होती. तोच आतून घंटा ऐकू आली आणि पाठोपाठ कोणीतरी ओरडले, “भिया, एक-एक करके, धक्का मत दो.”

माजघरात रांग होती. शेजारपाजारच्या बायका, दुकानदार, नारळ, हार, उंच धरलेले फोन. माझ्यापुढचा एक गृहस्थ दुसऱ्याला समजावत होता, “कान बड़ा हो रिया है, अब सबकी सुनेगा.” मखराशेजारी, चौरंगाला लागून घातलेल्या पाटावर, माझी मुलगी बसली होती. अंगावर विहीणबाईंची जरीची साडी, नाकात त्यांचीच नथ. येणारी प्रत्येक बाई गणपतीला हात जोडून झाल्यावर तिच्याकडेही बघत होती.

विहीणबाईंनी मला पाहिले. लग्नातही ज्यांनी माझा हात बोटांच्या टोकांनी धरला होता, त्यांनी तो आज दोन्ही हातांत घेतला. “या, विहीणबाई. आमच्या सूनबाईच्या पायगुणानं देव जागा झाला बघा. तुमच्या हाताला यश आहे.”

मी जुळवलेली सगळी वाक्ये जागच्या जागी गळून गेली. मी अपमानासाठी मन घट्ट करून आले होते. मानासाठी माझी काहीच तयारी नव्हती.

त्यांनी मला पुढे नेले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ओल कोठून मिळाली. त्या घराची रीत अशी की पहिल्या दिवशी गणपतीच्या मस्तकावर भिजवलेल्या दूर्वांची जुडी ठेवतात, रोज तिच्यावर पाणी शिंपडतात आणि महालक्ष्म्या येईपर्यंत ती काढत नाहीत. त्या ओल्या, गार, हिरव्या टोपीखाली माझ्या धिंगरीला हवे ते सर्व मिळाले होते. लेपाला तडा पाडून ती कानामागून बाहेर आली होती. मी वाकून पाहिले. खालच्या अंगाला पात्यांसारख्या बारीक घड्या होत्या. धिंगरीच, असे मी मनात म्हणाले, आणि भीतीत का होईना, मला तिचा अभिमान वाटला.

मग नजर खाली गेली. मांडीच्या मागे, रंगाला फुगा येऊन फाटले होते तेथे, काळसर हिरवा डाग होता. ओल्या तळघरासारखा आंबूस वास येत होता. ती बुरशी माझी नव्हती. दुसरेच काहीतरी आत शिरून चिपाडे खात होते. ते काय होते ते मला ओळखता येईना. आणि आत एक परके बीज शिरले असेल, तर वरचा कान तरी पुरता माझाच आहे याची शपथ मी घेऊ शकत नव्हते.

मी अजून वाकलेलीच होते तेव्हा विहीणबाईंनी चांदीची वाटी मागवली. वाटीत मध होता. त्यांनी देवाची क्षमा मागितली, हात पुढे केला आणि तो कान देठापासून अलगद खुडला. त्याचा एक तुकडा मधात बुडवला. देवाने स्वतःच्या अंगचा प्रसाद दिला आहे, तो पहिल्यांदा पोटातल्या बाळाला, असे त्या शेजारणींना सांगत होत्या. इतके दिवस झाकून ठेवलेली बातमी त्यांनी त्या गर्दीत अशी सहज उघड केली. बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. माझ्या मुलीने उजवा तळहात पुढे केला, डावा त्याखाली धरला.

“देऊ नका ते.”

हे मी म्हणाले होते. माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. घंटा वाजवणाऱ्याने घंटा हाताने धरली.

“तो कान नाही. बुरशी आहे. मीच पेरलेली. पण आत आणखी काय उगवलंय ते मला माहीत नाही.”

“आई, नको ना,” मुलगी म्हणाली. खालच्या आवाजात, ओठ न हलवता.

विहीणबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. “माझ्या देवघरात तुम्ही बुरशी पाठवलीत?”

मी सांगू लागले, आणि वर्गात सांगावे तसे सांगू लागले. चरखीवरची चिपाडे, ज्वारीचे बी, तंतू, भट्टी का हवी, बेकरीची भट्टी का नको म्हटले, ऊन कसे पडले नाही. काही मराठीत, काही हिंदीत, कारण निम्म्या लोकांना मराठी समजत नव्हती. कोणी अडवले नाही, त्यामुळे थांबताही येईना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “तो पहले बोलना था ना, बहनजी.” तिच्या मागचा गृहस्थ मात्र नारळ पुढे ठेवून म्हणाला की शिकलेल्यांना देव दिसत नसतो, आणि हात जोडून निघून गेला. कोणी हसले नाही. कोणी रागावलेही नाही. एकेक जण आपली चप्पल शोधू लागला, ते मला रागावण्याहून कठीण वाटले. विहीणबाईंनी प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. रिकाम्या हाताने एकालाही जाऊ दिले नाही.

सगळे गेल्यावर त्या मखरासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गुरुजी प्राणप्रतिष्ठा करत होते तेव्हा आत आधीच कुणी राहत होतं म्हणायचं. भाड्यानं.”

व्याही, जे इतका वेळ हातात चवरी धरून गप्प होते, त्यांच्या तोंडून हुंकारासारखे काहीतरी निघाले. त्यांनी ते खोकल्यात बुडवले. मग गंभीर होऊन निर्णय दिला: मूर्ती भंगली आहे, उत्तरपूजा आताच करावी, महालक्ष्म्यांपुढे सुपारीचा गणपती बसवावा.

विसर्जन अंगणात, टबात होते. अक्षता टाकल्या, आरती झाली, व्याह्यांनी मूर्ती पाण्यात सोडली. ती बुडाली नाही. हलकेच एक गिरकी घेऊन, तोंड आमच्याकडे करून, तरंगत राहिली. मला आधीच कळायला हवे होते. जी वस्तू थर्माकोलच्या जागी वापरायची ती बुडेल कशी? पण मी इतर सर्वांसारखीच थिजून बघत राहिले. मस्तकावरचा लेप विरघळून आतले पांढरे तंतू दिसू लागले. विहीणबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हातांनी गणपतीला पाण्याखाली दाबून धरले. असे करायची वेळ त्यांच्यावर मी आणली होती. बुडबुडे येत राहिले. त्यांचे हात भरून आले, तेव्हा त्यांनी फक्त बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. मी दाबले. पाण्याखाली ते शरीर मऊ आणि तटतटीत लागत होते, हाताखालून वर येऊ पाहत होते. ते जड होईपर्यंत आम्ही आळीपाळीने धरून होतो. मग त्या लुगड्याला हात पुसून महालक्ष्म्यांच्या तयारीला आत गेल्या.

मुलगी नळाशी आली. साडी आणि नथ तिने उतरवून ठेवली होती. ती माझ्या हातांवर पाणी घालू लागली. मी म्हणाले, तुला वाईट वाटलं ना.

“मी सकाळीच ओळखलं होतं,” ती म्हणाली.

मला वाटले, मी नीट ऐकले नाही.

“धिंगरी आहे ते. आपल्या गच्चीवर कितीदा बघितलंय मी. म्हणूनच तुला फोटो पाठवला.”

“मग त्यांना बोलली का नाहीस? हात पुढे केलास तू.”

“त्यांनी मला पाटावर बसवलं होतं, आई. स्वतःची नथ घातली मला.” ती पाणी घालतच होती. “आणि तुझीच तर होती. दर आठवड्याला खायचो आपण. एक तुकडा खाल्ला असता तर काय झालं असतं?”

मी तिला मांडीमागच्या डागाचे सांगितले. तो वास, तो रंग, तो मला ओळखता न येणे. लोकांसमोर मी तेच म्हणाले होते, पण तिने ते ऐकलेच नव्हते, किंवा आईचे नेहमीचे भिऊन बोलणे म्हणून सोडून दिले होते.

“म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

तिच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी आमच्या पायांवर सांडत राहिले. मग तिने तो खाली ठेवला, टबाकडे पाहिले आणि ओला हात पोटावर ठेवून तशीच उभी राहिली. आतून विहीणबाई तिला हाक मारत होत्या. दुसऱ्या हाकेपर्यंत ती जागची हलली नाही.